एमजीएमटीची अँटीबॉडी पहिल्यांदाच टिश्यूवर लावताय? मग हे आधी वाचून घ्या

ट्युमरच्या कापात एमजीएमटी (डीएनए दुरुस्त करणारं एक एन्झाइम) आहे का बघ, असं गाईडनी सांगितलं, फ्रीजमध्ये कुणीतरी कधीतरी मागवलेली व्हायल सापडली, डेटाशीटवर १:१०० लिहिलंय, मग काय, उद्या लावून टाकू. असंच सुरू होतं सगळ्यांचं. पण आयएचसीमध्ये, म्हणजे अँटीबॉडी लावून टिश्यूतलं प्रोटीन रंगवण्यात, तपकिरी रंग मिळवणं काही अवघड नाहीये, काहीही केलं तरी कुठेतरी तपकिरी येतोच. तो रंग एमजीएमटीचाच आहे हे समोरच्याला दाखवता आलं पाहिजे, आणि निम्म्याहून जास्त मेहनत त्यातच जाते. म्हणून हा लेख प्रोटोकॉलपेक्षा कंट्रोलवर जास्त बोलतो, आधीच सांगून ठेवतो. प्रोटोकॉल कुठेही मिळेल तुम्हाला.

१. आधी हे एन्झाइम काय करतं ते बघा

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण स्लाइड वाचताना याचाच उपयोग होतो. डीएनएतल्या ग्वानिनवर ओ-६ या जागी मिथाइल गट चिकटला की ते ग्वानिन सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी जमवतं आणि म्युटेशन होतं. एमजीएमटी तो मिथाइल गट उचलून स्वतःच्या १४५ नंबरच्या सिस्टीनवर घेतं. आणि मग ते परत मोकळं होत नाही, एक रेणू एकच दुरुस्ती करतो, त्यानंतर पेशी त्याला युबिक्विटिन लावून मोडीत काढते. म्हणून याला सुसाइड एन्झाइम म्हणतात.

टेमोझोलोमाइड, कारमस्टिन, लोमस्टिन ही कॅन्सरची औषधं याच ओ-६ जागेवर घाव घालतात, त्यामुळे ट्युमरमध्ये एमजीएमटी भरपूर असेल तर औषधाचं काम तेच उलटवून टाकतं. २००५ साली ग्लिओब्लास्टोमाच्या (मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरच्या) पेशंट्सवरच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या ट्युमरमध्ये एमजीएमटीचा प्रमोटर (जीन चालू-बंद ठरवणारा डीएनएचा भाग) मिथायलेटेड आहे, म्हणजे जीन बंद आहे, त्यांना टेमोझोलोमाइडचा फायदा जास्त झाला, आणि तेव्हापासून सगळे या प्रोटीनच्या मागे लागले.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे प्रोटीन डीएनएवर काम करतं त्यामुळे रंग मुख्यतः न्यूक्लियसमध्ये हवा. दुसरी, अँटीबॉडीला फक्त प्रोटीनचा आकार कळतो, ते काम करण्याच्या स्थितीत आहे का हे तिला कळत नाही, ॲक्टिव्हिटी बघायची तर तिची वेगळी चाचणी असते, तेव्हा स्लाइड बघून "एन्झाइम ॲक्टिव्ह आहे" असं लिहू नका.

२. नावांचा घोळ

जुन्या पेपरमध्ये हेच प्रोटीन एजीटी किंवा एजीएटी नावाने येतं, त्यामुळे शोधताना तिन्ही नावं टाका. आणि कॅटलॉगमध्ये नुसतं मिथाइलट्रान्सफरेज टाकलं की डीएनएमटी-१ वगैरे वर येतात, ती वेगळीच एन्झाइम्स आहेत, ती सायटोसिनवर मिथाइल लावतात, दुरुस्तीशी त्यांचं देणंघेणं नाही. ऑर्डर फॉर्म भरताना घाईत हे सहज होऊ शकतं.

अजून एक सापळा: "मिथायलेशन पॉझिटिव्ह" म्हणजे प्रोटीन कमी, आणि "आयएचसी पॉझिटिव्ह" म्हणजे प्रोटीन आहे. मीटिंगमध्ये कुणी नुसतं "एमजीएमटी पॉझिटिव्ह" म्हणालं की कशाबद्दल बोलताय ते तिथल्या तिथे विचारा, नाहीतर दोन माणसं तासभर एकमेकांच्या उलट बोलत बसतात.

३. अँटीबॉडी निवडणं

एमजीएमटीच्या माऊस मोनोक्लोनलमध्ये (एकाच क्लोनपासून बनलेल्या, सगळ्या सारख्या अँटीबॉडी) एमटी३.१ आणि एमटी२३.२ हे क्लोन पेपरमध्ये वारंवार दिसतील. त्याशिवाय रॅबिट मोनोक्लोनल आणि पॉलिक्लोनलही (प्राण्याच्या रक्तातून घेतलेलं वेगवेगळ्या अँटीबॉडींचं मिश्रण) मिळतात. पॉलिक्लोनल मी तरी नवीन माणसाला सुचवणार नाही, एक लॉट संपला की दुसऱ्या लॉटमध्ये वेगळा प्राणी असू शकतो आणि मग सगळं डायल्यूशन पहिल्यापासून.

डेटाशीट वाचताना हे बघा: पॅराफिन कापावर चालते असं स्पष्ट लिहिलंय का (वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे प्रोटीन्स जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने बघण्याला, चालते म्हणजे पॅराफिनवर चालेलच असं नाही, फॉर्मॅलिनने प्रोटीनची अवस्था पार बदललेली असते), कोणत्या प्राण्याचं एमजीएमटी ओळखते, आणि नॉकआउट (जीन मुद्दाम काढून टाकलेल्या) किंवा एमजीएमटी नसलेल्या सेल लाइनचा डेटा दिलाय का. नुसता एक सुंदर फोटो दिला असेल तर त्याला भाव देऊ नका. माऊसच्या टिश्यूवर काम असेल तर दोनदा विचार करा, एक तर माणसाच्या प्रोटीनवर बनवलेली अँटीबॉडी माऊसचं प्रोटीन ओळखेलच असं नाही, आणि वर प्रायमरी (प्रोटीन ओळखणारी अँटीबॉडी) माऊसची असली तर सेकंडरी (प्रायमरीला चिकटून रंग आणणारी अँटीबॉडी) त्या टिश्यूतल्या सगळ्या इम्युनोग्लोब्युलिनला जाऊन चिकटते. तिथे सरळ रॅबिट प्रायमरी घ्या.

एवढं का सांगतोय त्याला कारण आहे. डीएनए रिपेअरच्याच ईआरसीसी१ प्रोटीनची गोष्ट आहे. ८एफ१ नावाच्या अँटीबॉडीने २००६ साली असं दिसलं की फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईआरसीसी१ नसेल तर सिसप्लॅटिनवर आधारित केमोचा फायदा होतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला पेपर, सगळीकडे चर्चा. मग २०१३ साली त्याच जर्नलमध्ये पुढचा पेपर आला, त्यात तो निकाल परत मिळाला नाही, नव्या बॅचची ८एफ१ जुन्या बॅचसारखी वागत नव्हती, बाजारातल्या १६ अँटीबॉडी तपासल्या तर ईआरसीसी१च्या चार आयसोफॉर्मपैकी (एकाच जीनपासून बनणाऱ्या रूपांपैकी) जो एकच खरोखर दुरुस्ती करतो तो वेगळा ओळखणारी एकही निघाली नाही. आणि ८एफ१ तर पीसीवायटी१ए नावाच्या भलत्याच प्रोटीनलाही चिकटते असं इतर अभ्यासांत दिसलं. एवढ्या मोठ्या ट्रायलमध्ये हे होऊ शकतं तर आपल्या फ्रीजमधल्या व्हायलचं काय सांगावं.

४. काय काय जमवून ठेवायचं

कागदपत्रं:
- एथिक्स कमिटीची मंजुरी, माणसाचं टिश्यू असेल तर ती हातात आल्याशिवाय ब्लॉकला हात लावायचा नाही
- पॅथॉलॉजीकडून ब्लॉक नंबर, निदान आणि फिक्सेशनची माहिती, पेशंटचं नाव तुमच्या वहीत यायला नको
- अँटीबॉडीची डेटाशीट, लॉट नंबर, आणि आरआरआयडी, हा नंबर अँटीबॉडी रजिस्ट्रीत मिळतो
- डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन), झायलीन, फॉर्मॅलिनच्या सेफ्टी शीट

सामान:
- चार्ज्ड स्लाइड्स (साध्या स्लाइडवरचा काप रिट्रीव्हलमध्ये, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकलेलं प्रोटीन गरम बफरने उघडं करताना, उकळताना सुटून तरंगायला लागतो)
- सिट्रेट बफर पीएच ६.० आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९.०, दोन्ही
- ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लॉकिंग सीरम, पॉलिमर डिटेक्शन किट, डीएबी
- हिमॅटॉक्सिलिन, अल्कोहोल, झायलीन, माउंटिंग मीडियम
- पॅप पेन, ह्युमिड चेंबर, प्रेशर कुकर किंवा वॉटर बाथ

अँटीबॉडी आली की लगेच लहान लहान भाग करून ठेवा, पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं तिला मानवत नाही. ५० टक्के ग्लिसरॉल असलेली व्हायल मात्र उणे २० ला गोठतच नाही, तिचे भाग करायची घाई नको.

५. आधी वेस्टर्न ब्लॉट, मग टिश्यू

हे वगळायचा मोह होतो, वगळू नका. एमजीएमटी २०७ अमिनो ॲसिडचं छोटं प्रोटीन आहे, बँड २२ किलोडाल्टनच्या आसपास दिसायला हवा. १२ ते १५ टक्के जेल घ्या, मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचा, ०.४५ मधून छोटी प्रोटीन्स आरपार जाऊ शकतात. टी९८जी ही ग्लिओमाची सेल लाइन एमजीएमटी बनवते, यू२५१ आणि एलएन-२२९ जवळपास बनवत नाहीत. या तिघी शेजारी शेजारी चालवल्या की पहिल्या लेनमध्ये बँड, पुढच्या दोन कोऱ्या, असं चित्र आलं पाहिजे.

आणि २२ ला बँड आहे पण ५० ला त्याहून जाड बँड आहे आणि तो तिन्ही लेनमध्ये आहे, तर? तर टिश्यूवर ती अँटीबॉडी त्या ५० वाल्या प्रोटीनलाही रंगवू शकते आणि स्लाइडवर दोन्ही एकाच तपकिरीत मिसळून जातील, वेगळे करायला तिथे काही मार्ग नसतो. (वेस्टर्नमधला जास्तीचा बँड पॅराफिनवर दिसेलच असंही नाही, पण सिद्ध करायची जबाबदारी आता तुमच्यावर आली.) सेल लाइन कुणाकडून मागून आणल्या असतील तर एसटीआर प्रोफाइल (सेल लाइनची डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या, ग्लिओमाच्या लाइन्समध्ये अदलाबदली जुनी आहे.

६. कंट्रोल, इथे घाई करू नका

सगळ्यात चांगला कंट्रोल म्हणजे त्याच सेल लाइन्स फॉर्मॅलिनमध्ये फिक्स करून, आगरोजमध्ये बसवून, पॅराफिन ब्लॉक केलेल्या. टी९८जी आणि यू२५१ असे दोन ब्लॉक एकदा केले की खूप दिवस पुरतात, आणि प्रत्येक रनमध्ये दोघींचा एकेक काप लावायचा. पेशी त्याच फॉर्मॅलिनमधून गेल्यात, त्याच रिट्रीव्हलमधून गेल्यात, त्यामुळे हा कंट्रोल टिश्यूच्या सगळ्यात जवळचा.

टिश्यूतला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लिव्हर छान, तिथे एमजीएमटी भरपूर असतं. पण लिव्हरमध्ये बायोटिनही भरपूर असतं, तुम्ही ॲव्हिडिन-बायोटिन पद्धत वापरत असाल तर अँटीबॉडी न लावताही लिव्हर तपकिरी होऊ शकतं आणि तुम्ही खुश होऊन बसाल. म्हणून वर सामानात पॉलिमर किट लिहिलंय.

ट्युमरच्या कापात मात्र तुम्हाला एक फुकटचा कंट्रोल मिळतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या एंडोथेलियल पेशी आणि लिम्फोसाइट्समध्ये एमजीएमटी असतं. म्हणजे ट्युमर पेशी कोऱ्या आणि शेजारच्या वाहिनीचे न्यूक्लियस तपकिरी, तर ते खरं निगेटिव्ह. ट्युमरही कोरा आणि वाहिन्याही कोऱ्या, तर तो निकाल निगेटिव्ह नाही, तो निकालच नाही. त्या स्लाइडवर "नॉन-इन्फॉर्मेटिव्ह" लिहा आणि परत लावा. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं तरी चालेल.

निगेटिव्ह कंट्रोलमध्ये नुसतं प्रायमरी वगळणं पुरत नाही, त्यातून फक्त सेकंडरी आणि किट कळतं. आयसोटाइप कंट्रोलही (त्याच प्रकारची, पण एमजीएमटी न ओळखणारी अँटीबॉडी) लावा, आणि तो सारख्या डायल्यूशनला नाही तर सारख्या मायक्रोग्रॅम प्रति मिलीला. दोन व्हायलींची मूळ ताकद वेगवेगळी असते, दोन्ही १:१०० केल्या म्हणून त्या सारख्या होत नाहीत.

७. ब्लॉक आणि काप

फिक्सेशन तुमच्या हातात बऱ्याचदा नसतं, पण विचारा तरी. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये साधारण ६ ते ७२ तास हा बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा नियम, आणि टिश्यू काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत एका तासाहून जास्त वेळ जाऊ नये. मोठा तुकडा न कापता तसाच बुडवलेला असेल तर कडेला फिक्स होतो आणि मध्ये कच्चा राहतो, मग स्लाइडवर कड गडद, मध्य फिका, आणि लोक त्याला ट्युमरची हेटरोजेनिटी म्हणून मोकळे होतात.

काप ४ मायक्रॉनचे, आणि लागतील तेवढेच. कापून ठेवलेल्या स्लाइड्सवरचा अँटीजेन हळूहळू मरतो, महिनोन्‌महिने डब्यात पडलेली स्लाइड आणि काल कापलेली स्लाइड यांची तुलना करायची नाही.

८. रिट्रीव्हल

झायलीन, मग उतरतं अल्कोहोल, मग पाणी, हे नेहमीचंच. एकदा पाण्यात आल्यावर काप पुढे शेवटपर्यंत सुकता कामा नये, सुकला की कडांना खोटा रंग येतो.

रिट्रीव्हलला डेटाशीटमध्ये एकच बफर सांगितलेला असतो, तरी पहिल्या वेळी सिट्रेट ६.० आणि ट्रिस-ईडीटीए ९.० दोन्ही करून बघा, ९५ ते १०० डिग्रीला २० मिनिटं, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं थंड होऊ द्या. पीएच ९ ला सिग्नल सहसा जोरात येतो, पण काप सुटायची भीती आणि बॅकग्राउंडही वाढतं. निवडताना टी९८जी किती गडद झाली एवढंच बघू नका, टी९८जी आणि यू२५१ मधला फरक सगळ्यात मोठा कुठे आहे ते बघा.

त्यानंतर पेरॉक्साइड १० मिनिटं, लाल पेशींचं स्वतःचं पेरॉक्सिडेज मारायला. मेंदूच्या ट्युमरमध्ये रक्त सांडलेलं असतंच, ही पायरी गाळू नका.

९. अँटीबॉडीचं डायल्यूशन

१:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशी रांग लावा, कंट्रोल ब्लॉकवर, पेशंटच्या मौल्यवान कापावर नाही. चार डिग्रीला रात्रभर किंवा रूम टेंपरेचरला एक तास, दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही. माझा कल रात्रभरकडे, अँटीबॉडी पातळ वापरता येते आणि बॅकग्राउंड कमी राहतं.

सोडियम ॲझाइडकडे लक्ष द्या. अँटीबॉडी टिकावी म्हणून व्हायलमध्ये ते असतं, पातळ केल्यावर त्रास होत नाही, पण वॉश बफरमध्ये किंवा सेकंडरीच्या डायल्यूएंटमध्ये कुणी ॲझाइड घातलेलं असेल तर ते एचआरपीला (डीएबीचा रंग आणणाऱ्या किटमधल्या एन्झाइमला) बंद पाडतं आणि अख्खी बॅच कोरी येते. लॅबमधल्या सामायिक बाटल्यांवर काय लिहिलंय ते वाचून मगच ओता.

१०. डीएबी आणि हिमॅटॉक्सिलिन

डीएबी घातलं की मायक्रोस्कोपखाली बघत बसा, टी९८जीमध्ये न्यूक्लियस स्पष्ट उठून आले आणि यू२५१ अजून स्वच्छ आहे तो क्षण पकडा, घड्याळ लावा, आणि मग सगळ्या स्लाइड्सना तेवढाच वेळ. एखादी फिकी वाटली म्हणून तिला दोन मिनिटं जास्त दिली की तुलना संपली. डीएबीला कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे, ग्लव्हज घाला आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

हिमॅटॉक्सिलिन अगदी हलकं. आपलं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये, हिमॅटॉक्सिलिनही न्यूक्लियसमध्येच, गडद निळा केला की फिका तपकिरी त्याखाली गाडला जातो आणि कमी एमजीएमटी असलेला ट्युमर निगेटिव्ह म्हणून नोंदला जातो. रूटीन एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) करणाऱ्या ताई-दादांना सवयीने गडद लागतं, त्यांच्याकडे स्लाइड दिली तर आधी सांगून ठेवा.

११. मायक्रोस्कोपखाली काय बघायचं

आधी कंट्रोल स्लाइड्स, मग ट्युमरमधल्या वाहिन्या, सगळ्यात शेवटी ट्युमर पेशी. हा क्रम मोडू नका, ट्युमर आधी बघितला की डोळ्याला हवं तेच दिसायला लागतं.

- न्यूक्लियस तपकिरी, सायटोप्लाझम स्वच्छ: हवं तसं आहे
- फक्त सायटोप्लाझम एकसारखा तपकिरी: बहुतेक बॅकग्राउंड, आयसोटाइप कंट्रोलशी ताडून बघा
- नेक्रोसिसच्या (मेलेल्या टिश्यूच्या) कडेला गडद पट्टा: मोजू नका
- सोनेरी-तपकिरी दाणे: जुन्या रक्तस्रावाचं हिमोसिडेरिन असू शकतं, प्रायमरी न लावलेल्या स्लाइडवरही ते तसंच दिसेल

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो ट्युमरमध्ये घुसलेल्या लिम्फोसाइट्स, मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लियाचा. यांचे तपकिरी न्यूक्लियस ट्युमरचे म्हणून मोजले तर निगेटिव्ह ट्युमर पॉझिटिव्ह होतो. शंका असेल तिथे लगतच्या कापावर सीडी४५ (रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी), सीडी६८ (मॅक्रोफेज-मायक्रोग्लियासाठी) आणि सीडी३१ (वाहिन्यांसाठी) लावून घ्या, आणि पॅथॉलॉजिस्टला शेजारी बसवा. हे इंटरनेटवरचे फोटो बघून शिकण्यासारखं नाहीये.

१२. मोजणं आणि लिहून ठेवणं

किती टक्के ट्युमर न्यूक्लियस तपकिरी, आणि तीव्रता ० ते ३. दोन्हींचा मेळ घालून ० ते ३०० चा एच-स्कोअर काढतात. पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ती सीमा पेपरगणिक बदलते, तेव्हा स्लाइड्स बघायच्या आधी ठरवा आणि तारीख टाकून वहीत लिहा. दोन जणांनी, पेशंटची माहिती झाकून, स्वतंत्रपणे मोजायचं.

तुमचा आयएचसीचा निकाल आणि प्रमोटर मिथायलेशनचा निकाल जुळला नाही तर लगेच अँटीबॉडीला दोष देऊ नका, हे दोन निकाल एकमेकांशी नीट जुळत नाहीत ही जुनी गोष्ट आहे. मिथायलेशनची टेस्ट एका ठिकाणचा डीएनए बघते, त्यात वाहिन्या आणि लिम्फोसाइट्सचा डीएनएही मिसळलेला असतो, आणि मिथायलेशनशिवाय इतर कारणांनीही प्रोटीन कमी-जास्त होतं. ग्लिओब्लास्टोमात उपचाराचा निर्णय मिथायलेशन टेस्टवर घेतात, आयएचसीवर नाही, म्हणून तुमच्या रिसर्चच्या स्लाइडचा रिपोर्ट पेशंटच्या फाइलमध्ये जाणार नाही याची काळजी घ्या.

मेथड्समध्ये लिहायला हे लागेल: क्लोन, कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी, मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये कॉन्सन्ट्रेशन (नुसतं १:२०० नको), रिट्रीव्हलचा बफर, पीएच, तापमान, वेळ, डिटेक्शन किट, डीएबीची मिनिटं, आणि कोणते कंट्रोल लावले. नवीन लॉट मागवाल तेव्हा जुन्या लॉटची थोडी अँटीबॉडी शिल्लक असतानाच मागवा, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी, त्याच दोन कंट्रोल ब्लॉकवर शेजारी शेजारी लावून बघता येतील.